खिळ्यावरची चावी

दार उघडत नव्हतं आणि माझी ओवी आत होती, आणि आत समई पेटलेली होती. मी त्या गोल मुठीला दोन्ही हातांनी धरून ओढत होते, फिरवत होते, पण ती मूठ फिरायचीच नाही, ती फिरण्यासाठी नव्हतीच, दाराला नुसता एक लोखंडाचा गोळा बसवल्यासारखी. माझ्या हातांना मोदकाच्या उकडीचं तूप लागलेलं, हात सारखे घसरत होते. आतून ओवी ओरडत होती, "आई, आउफ! आई, आउफ!" उघड, उघड. किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागल्यापासून ती घाबरली की जर्मनच बोलायची. मी म्हणत होते, हो गं बाळा, उघडते, उघडते, आणि कशानं उघडणार ते मला माहीत नव्हतं. मग काहीतरी पितळेचं फरशीवर पडल्याचा आवाज आला. आणि ओवी गप्प झाली. ती रडत होती तोवर मी कशीबशी उभी होते. ती गप्प झाली तशी मी दारावर दोन्ही मुठी आपटायला लागले.

चावी टिपणीस साहेबांच्या खिशात होती. टिपणीस साहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि ते गाडी घेऊन स्टुटगार्टला गुरुजींना आणायला गेले होते. फोन उचलत नव्हते. हॉलला आणि त्या खोलीला मिळून मंडळाकडे एकच चावी होती, ती त्यांच्याकडेच असायची, आणि तसा नियमच होता. हे सगळं मला त्या दारापाशी उभं राहून कळलं. तोवर मंडळाला नियम असतात हेसुद्धा माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दार मीच ओढलं होतं. गणपतीची मूर्ती सकाळी आणून त्या बाजूच्या खोलीत ठेवली होती, कारण मोठ्या हॉलमध्ये आरास चालली होती, पुढचं दार सारखं उघडत होतं आणि वारा आत येत होता. मूर्तीपुढे समई लावलेली. ओवी माझ्या खांद्यावर झोपून गेली तशी मी तिला त्याच खोलीत, समईपासून लांब, भिंतीकडेला गोधडीवर निजवली. बाहेर पोरं ढोल वाजवायला लागली होती. मला वाटलं ओवी उठेल, आणि वाऱ्यानं समई विझेल. पूजेआधी समई विझली तर आत्या मला वर्षभर ऐकवतील. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्या तेव्हा तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. म्हणून मी दार ओढून घेतलं. घराच्या बाहेरच्या दाराला तसली मूठ असते हे मला माहीत होतं, एकदा कचरा टाकायला गेले, चावी आत राहिली आणि घरातल्या चपला घालूनच जिन्यात बसून राहिले होते. पण आतल्या खोलीच्या दारालासुद्धा तसली मूठ असेल हे डोक्यात आलं नाही. आमच्याकडे दार ओढलं की कडी लावावी लागते. इथं दार ओढलं की संपलं, बाहेरून चावीच लागते, आणि आतल्या मुठीपर्यंत ओवीचा हात पोचत नव्हता.

तेव्हाचं माझं घर आता आठवलं तर मला सगळ्यात आधी वास आठवतो, खोलीत वाळत टाकलेल्या कपड्यांचा आणि फोडणीचा. जर्मनीत नेकारसुल्मला वरच्या मजल्यावर आमचं घर, हे कारच्या फॅक्टरीत इंजिनियर, सकाळी अंधारातच निघायचे. मी कराडकडची, नववी नापास. दोन्ही घरांची जुनी ओळख म्हणून लग्न झालं, नाहीतर इंजिनियरच्या घरात मी कशी येणार. इथल्या बाकीच्या बायका पुण्या-मुंबईच्या, शिकलेल्या, कुणी कंपनीत, कुणी घरून कॉम्प्युटरवर काम करणारी. त्या हसून बोलायच्या, पण त्यांनी विचारलं, तू काय करतेस, की माझा श्वास अडकायचा. मी बोलायला लागले की धापच लागायची, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू, म्हणजे कुणी मधे काही विचारायला नको. रविवारी चर्चच्या घंटा वाजायच्या आणि बाकी सगळं इतकं शांत असायचं की मिक्सर लावायची भीती वाटायची. चटणी शनिवारीच वाटून ठेवायची. आत्या आल्या तेव्हा पहिल्या रविवारी म्हणाल्या, "गावात कुणी वारलंय का गं?"

माझी भीती जिनं घालवली ती शर्वरीताई. ती सॉफ्टवेअरमधली, माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी, पण मी ताई म्हणायचे. ओवीच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा माझ्याबरोबर तीच आली. किटाच्या बाईंना काय सांगायचं ते तिनं माझ्याकडून भांडी घासता घासता पाठ करून घेतलं. "‘या, गेनाऊ’ म्हणायचं, म्हणजे हो, अगदी बरोबर, आणि मान हलवायची," ती सांगायची, "अर्ध्या जर्मनीचं त्यावरच चाललंय." तिचा नवरा तिला सोडून म्युनिकला राहायला गेला होता. तिनं ते मला एकदाच सांगितलं, कांदा चिरताना, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल अशा वेळी. मंडळाचं सभासदत्व कुटुंबाला एक असायचं, नवऱ्याच्या नावावर, आणि मतही एकच. नवरा म्युनिकला गेला तशी शर्वरीताई मंडळाची कुणीच उरली नाही. टिपणीस साहेबांनी तिचं नाव काढून टाकलं आणि ग्रुपवर लिहिलं की यापुढे त्या पाहुण्या म्हणून येऊ शकतात, पाहुण्यांच्या खुर्च्या मागे.

मंडळात तो माणूस कुणालाच आवडायचा नाही. उंच, ताठ, शर्टाच्या खिशाला पेन. साडेअकराची आरती म्हणजे साडेअकराची. उशिरा येणाऱ्यांसाठी प्रसाद थांबवायचा नाही. पोरांनी पळायचं नाही, चपला सरळ ओळीत लावायच्या, नाव आधी दिलं नसेल तर जेवणाचं ताट नाही. बोलायचे ते असे की समोरचा माणूस शाळेतला मुलगा होऊन जायचा. त्यांच्या आधीचे अध्यक्ष मोकाशी काका, ते किती गोड. सगळ्यांना सूनबाई, जावईबापू म्हणायचे, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायचे, चावी स्वयंपाकघराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवायचे, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. त्या वर्षी अमेरिकेत नवा अध्यक्ष आला होता आणि चहा पिताना आमचे पुरुष त्याच्यावर तासन्‌तास बोलायचे, त्यानं काय सही केली, कोर्टानं काय अडवलं, लोक रस्त्यावर कसे उतरले. हे म्हणायचे, "असला माणूस आला म्हणून तरी लोकांना कळलं, आपण त्या खुर्चीला किती ताकद देऊन ठेवलीय ते." सगळे माना हलवायचे. समुद्रापलीकडच्या खुर्चीची ताकद सगळ्यांना पाठ. आपल्या मंडळाच्या अध्यक्षाला काय काय करता येतं, ते त्यातल्या एकानंही वाचलं नव्हतं. मीही नाही, पण मला निदान जर्मन वाचता येत नव्हतं.

तर ते दार. शर्वरीताई स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं मला बाजूला केलं, एका हातानं फायर ब्रिगेडला फोन लावला, आणि गुडघ्यावर बसून दाराच्या फटीशी तोंड नेऊन ओवीशी जर्मनमध्ये बोलायला लागली, अगदी किटातल्या बाईसारख्या आवाजात. आतून हुंदका आला. आणि लगेच फटीतून वास आला, कापड जळाल्याचा. त्या खोलीत धुराचा अलार्म होता. पण धूप लावला की तो वाजतो म्हणून आम्हीच त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. शर्वरीताई फोन बाजूला धरून म्हणाली, "ते येतायत, पण खिडकी! खिडकीकडे जा!" मी तशीच अनवाणी बागेत धावले.

बागेत सगळे पुरुष उभे होते. मी हे कधी विसरणार नाही. खिडकी बंद, आत पडदा, पडद्यामागे काहीतरी लाल हलत होतं. ह्यांच्या हातात ढोलाचा लोखंडी स्टँड होता, आणि मोकाशी काकांनी ह्यांचा दंड धरला होता. "प्रशांत, थांब रे बाबा, काच पोरीच्याच अंगावर पडेल. आणि हॉल चर्चचा आहे. टिपणीसांना फोन लागू दे, त्यांच्या परवानगीशिवाय आपण..." कुणी म्हणत होतं काच डबल आहे. कुणी म्हणत होतं बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत. सगळे मोठमोठे इंजिनियर, सगळे घाबरलेले, आणि सगळे फोनकडे बघत होते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आणि तेवढ्यात मोकाशी काकांचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा हातावर धरला आणि ते अजिजीनं सांगायला लागले, "टिपणीस साहेब, असं झालंय, तर तुमची काही हरकत नसेल तर..."

"फोडा!" फोनमधून आवाज आला. "हरकत कसली विचारता? पोरीला दाराकडे बोलवा आधी, आणि फोडा ती काच. चर्चचं मी बघतो. फोडा, मूर्खांनो!"

मी परत आत धावले, शर्वरीताईला सांगितलं, तिनं ओवीला दाराजवळ बोलावलं, दाराला गाल लाव म्हणाली, माझाही गाल दाराला होता. काच फुटल्याचा आवाज मी गालानं ऐकला. मग आतून दार उघडलं आणि हे उभे होते, हात रक्तानं भरलेला, कडेवर ओवी, तिच्या फ्रॉकभर समईचं तेल. मूर्तीच्या टेबलावरून खाली लोंबणाऱ्या कापडाचा एक कोपरा काळा होऊन धुमसत होता, त्यावर कुणीतरी कळशी ओतली. गणपती जागेवरच होता. ओवी माझ्याकडे आली आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर रडत रडत, "मी नाही पाडलं."

फायर ब्रिगेडवाले आले, खोली बघितली, पिशवी बघितली, मान हलवून गेले. थोड्या वेळानं टिपणीस साहेब गुरुजींना घेऊन आले. सगळ्यांच्या समोर ते माझ्यावर ओरडले, "दार का ओढलंत? दिव्याच्या खोलीत मूल निजवतात का? ग्रुपवर लिहून पाठवलं होतं ना?" पाठवलं असेल. मी त्यांचे मेसेज वाचतच नव्हते, कुणीच वाचायचं नाही. मग त्यांनी वाकून ओवीचे तळहात उघडून बघितले, उलटसुलट, बराच वेळ, आणि ताठ होत म्हणाले, "फोड नाहीये. तरी डॉक्टरला दाखवा." आणि आरती सुरू केली. आत्या माझ्या मागे उभ्या राहून पुटपुटल्या, "मेला बोलतो कसा. पण पोरीचे हात कसे जपून उलटले त्यानं, बघितलंस का?"

त्यानंतरचे दिवस आमच्या मंडळात कधी आले नव्हते असे आले. मंडळ जागं झालं. ज्या बायका फक्त कोण काय करून आणणार एवढंच बोलायच्या त्या शर्वरीताईच्या स्वयंपाकघरात जमायला लागल्या. लसूण सोलता सोलता ती मंडळाचे नियम मोठ्यानं वाचायची, जर्मनमधून मराठी करून. इथं मंडळ म्हणजे फेराइन, कायद्यानं नोंदवलेलं, त्याला नियम लागतातच, ते पहिल्या लोकांनी कुठल्यातरी दुसऱ्या मंडळाचे उचलून लिहिले होते आणि त्यानंतर कुणी उघडले नव्हते. चावी अध्यक्षाकडे. खर्च अध्यक्ष ठरवणार. कोण सभासद, कोण पाहुणा, अध्यक्ष ठरवणार. मत कुटुंबाला एक. एकेक नियम ऐकला की बायका म्हणायच्या, "बघा, बघा त्याचा माज!" शर्वरीताई म्हणायची, "हे त्यानं नाही लिहिलेलं. हे मोकाशी काकांच्या वेळीही होतं." मला एकदम आठवलं, मोकाशी काका एकदा चावी खिशात घालून फिरायला गेले होते. आम्ही सगळे हॉलच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसलो आणि काकांची चेष्टा करत पोहे खाल्ले. कुणी चिडलं नव्हतं. तीच चावी, तोच खिसा. आम्ही हसलो होतो.

घरी आल्यावर मी आत्यांना हे सांगितलं. आत्या गावाकडं एकदा पाच वर्षं पंचायतीत मेंबर होत्या, बाईसाठी राखीव जागा, सही त्यांची आणि डोकं मामंजींचं. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "त्यात काय नवल. सरपंच गोड असला की ग्रामसभेला कुत्रं फिरकत न्हाई. सरपंच वंगाळ निघाला की म्हातारी माणसंसुदिक काठी टेकत येत्यात, आन्‌ विचारत्यात, ह्यो कागुद काय, त्यो पैका कुटं गेला. वंगाळ माणूस गावाला जागं करतो बघ. पण किती दिस? त्यो गेला की गाव परत घोरायला मोकळं." मी हसले. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं.

वर्षाची सभा ठरली. शर्वरीताईनं तीन बदल लिहून काढले होते, चावी तिघांकडे, खर्चाला दोघांची संमती, आणि मोठ्या माणसाला प्रत्येकी एक मत, बायकांनाही, कुणाच्या नावावर अवलंबून नाही. तिसरा बदल झाला की ती परत मंडळात. तिला सभेत बोलता येणार नव्हतं, ती पाहुणी. म्हणून तिनं मला विचारलं. "तू आई आहेस. तू उभी राहिलीस तर कुणाची हिंमत होणार नाही तुला बसवायची. दार बंद झालं, चावी एकच होती, ती अध्यक्षांच्या खिशात होती. एवढंच सांग आणि बस."

मी म्हणाले, "आणि फोनचं?"

तिला फोनचं मीच सांगितलं होतं, ती तेव्हा दाराशी होती. ओवी खाली शर्वरीताईच्या कपाटातले डबे काढून एकावर एक रचत होती. "फोनचं नको," ती म्हणाली. "खोटं बोलू नकोस. फक्त ते नको सांगूस. हे बघ, लोक नियमावर चिडत नाहीत गं. माणसावर चिडतात. आत्ता चिडलेत. ह्या रागातच जे बदलून घ्यायचं ते घ्यायचं. राग थंड झाला की सगळे चहा प्यायला मोकळे."

"पण ते म्हणाले फोडा. बाकी कुणी नाही म्हणालं."

"मला माहितीय. आणि त्यानंच माझं नाव काढलं, तेही मला माहितीय." मग ती हसली आणि माझ्या तोंडाला पीठ लागलं होतं ते पुसलं. "तुला पटत नसेल तर नको उभी राहूस. मी रागावणार नाही."

ती रागावणार नाही म्हणाली म्हणूनच मी हो म्हणाले.

सभा त्याच हॉलमध्ये. पुढे पुरुष, कारण हात त्यांनी वर करायचे. मागे आम्ही, आणि सगळ्यात मागे पाहुण्यांच्या खुर्चीवर शर्वरीताई, मांडीवर डबा, तिनं सगळ्यांसाठी वड्या आणल्या होत्या. हे उठून म्हणाले की माझी बायको बोलेल. मी उभी राहिले, कानात शिट्टी वाजत होती, मी ठरल्यासारखं सांगितलं, दार, समई, चावी. धापा टाकत सांगितलं. कुणीतरी नाक ओढलं. मग पुढून कुणीतरी टिपणीस साहेबांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ते उठले. मला वाटलं आता ते फोनचं सांगणार, आणि सुटेन मी. ते म्हणाले, "चावी माझ्याकडे होती. नियम तसा आहे. बदलायचा तर बदला." आणि बसले. फोनबद्दल अवाक्षर नाही. आमच्याकडे बघितलंही नाही.

मग पुढच्या ओळीतला एक जण उठला, जो त्या दिवशी बागेत बिजागऱ्या शोधत होता तोच, आणि म्हणाला, "अहो, ह्या माणसाला पोरीचा जीव गेला असता तरी चाललं असतं, नियम पाळला गेला म्हणजे झालं!" टाळ्या पडल्या. आणि मी अजून उभीच होते, मला कुणी बस म्हणालं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "नाही हो. त्यांनीच फोडा म्हणून सांगितलं. तुम्ही सगळे उभे होतात. तुम्ही पण, काका, तुम्ही ह्यांचा हात धरलात. परवानगी मागत होतात. त्यांनी फोनवर सांगितलं फोडा, पोरीला दाराकडे घ्या आणि फोडा. आणि दार मी ओढलं. अलार्मवर पिशवी आपणच बांधली. आणि चावी मोकाशी काकांच्या वेळी पण एकच होती, तेव्हा आपण पोहे खाल्ले, आठवतंय का, पायऱ्यांवर," आणि मग मला थांबताच येईना, मी सांगतच राहिले, आणि मला वाटत होतं की हे सगळं सांगितलं तर सगळ्यांना अजूनच पटेल की माणूस नाही, नियम बदलायला हवा. खरंच मला तसं वाटत होतं.

मोकाशी काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी हात जोडले, "माझं चुकलं, सूनबाई, मी घाबरलो." लगेच चार जण त्यांच्याभोवती जमले, अहो काका, असं काय करता, कुणाचीच चूक नाही, पोरगी सुखरूप आहे, गणपतीची कृपा. कुणाचीच चूक नाही, हे एकदा कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हॉलला सुटल्यासारखं झालं. बागेत उभे राहिलेले सगळे सुटले. मग नियमांचं निघालं तेव्हा एक जण म्हणाला, "कुणाची चूकच नाही तर घाईनं बदलायचं काय? पुढच्या वर्षी शांतपणे बघू." हात वर झाले. ह्यांचाही झाला, नंतर हे म्हणाले मला वाटलं तुला तेच हवंय. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि खुर्चीवर वड्यांचा डबा, झाकण नीट लावलेला.

दुसऱ्या दिवशी मी डबा धुऊन घेऊन गेले. तिनं दार उघडलं, ओवीला उचलून घेतलं, चहा केला. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "खरं तेच बोललीस तू. मी काय बोलू?" रागावली असती तर बरं झालं असतं. थोड्या महिन्यांनी तिला एर्लांगेनला नोकरी मिळाली आणि ती गेली. सामान बांधायला मी गेले होते. तिनं नियमांचं जर्मन पुस्तक कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकलं, कागदाचा डबा, तिचं सगळं असं व्यवस्थित. आजही दिवाळीला मी तिला लांबलचक मेसेज पाठवते. तिचं एका पणतीचं चित्र येतं.

टिपणीस साहेबांनी पुढच्या वर्षी आपणहून खुर्ची सोडली. मोकाशी काका परत अध्यक्ष झाले, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि तो "पुढच्या वर्षी बघू"चा विषय परत कुणी काढला नाही. काढून काय करणार, काका इतके गोड. चावी परत खिळ्यावर आली. मी आत्यांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरं बोललीस, त्याबद्दल तुला देव काही म्हणायचा न्हाई. पण त्या पोरीला जागा न्हाई मिळाली, ते देव बघतोय की न्हाई, कुणास ठाऊक."

आता ओवी माझ्यापेक्षा उंच आहे, तिला त्या दिवसातलं फक्त काचेचे तुकडे चमकत होते एवढंच आठवतं. मी आता जर्मन वाचते, हळू वाचते पण वाचते, आणि मंडळाचे नियम मी पूर्ण वाचलेत. एक शब्द बदललेला नाही. गेल्या गणपतीला एक नवी मुलगी आली होती, नवरा सारखा प्रवासाला, कडेवर बाळ, माझ्यासारखीच बोलायला लागली की धाप लागणारी. ती नाव लिहायला गेली तर काका प्रेमानं म्हणाले, "मिस्टरांना पाठव हं सूनबाई, सही त्यांची लागते." ती हसून मागे गेली. त्याच मागच्या ओळीत टिपणीस साहेब एकटे बसले होते, म्हातारे झालेत, काठी आलीय. मी त्यांना मोदक नेऊन दिला. ते म्हणाले, "पोरगी कशी आहे?" दर वर्षी एवढंच विचारतात. मी म्हणते, छान आहे. ते मान हलवतात, आणि मला वाटतं ह्या माणसाच्या बाजूनं मी उभी राहिले ते बरोबरच केलं. मग माझी नजर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाते, आणि मला तसं वाटेनासं होतं.

परत येताना मी त्या खोलीवरून आले. दार किंचित उघडं होतं, आत समई होती. मी आता दार ओढत नाही, कुठलंच, मधे चप्पल सरकवून ठेवते. स्वयंपाकघराशेजारी खिळ्यावर चावी लटकत होती, ती नवी मुलगी तिच्याखाली उभी राहून बाळाला झोपवत होती, आणि काका जाता जाता तिला म्हणाले, चावी इथंच असते हं, लागली तर घे. सगळे हसले. मला बोलायचं होतं. मी तिला काय सांगू, की चिड, पण कुणावर चिडणार ती? तुम्हीच सांगा. तुम्ही त्या सभेत माझ्या जागी उभ्या असतात, पुढे तो एकटा माणूस बसलाय, ज्यानं तुमची पोरगी बाहेर काढायला लावली, आणि मागे ती बसलीय, जिनं तुम्हाला बोलायला शिकवलं, आणि कुणी तुम्हाला बस म्हणत नाहीये, तर तुम्ही काय केलं असतं?